उन्हामागे ओढलेली खुर्ची

वरच्या मजल्यावरून येणाऱ्या आवाजाची गोष्ट, जिथे जिथे एकावर एक घरे आहेत तिथे तिथे सांगितली जाते, आणि तिचे पाठभेद पुष्कळ आहेत. एका पाठात वरचे बिऱ्हाड रिकामेच निघते, तरी तिथून गोट्या घरंगळल्याचा आवाज येत राहतो. दुसऱ्यात खालचा माणूस सूड म्हणून ढोल विकत आणतो. तिसऱ्यात वरचा मुलगा आणि खालची मुलगी यांचे लग्न ठरते, आणि मग दोन्ही घरे मिळून तिसऱ्या घराला झोपू देत नाहीत. आमच्या इमारतीत रूढ असलेला पाठ जिन्यात सांगितला जातो, तो असा: दुसऱ्या मजल्यावरची नर्स तिरसट आहे, तिला माणसांची चाहूलही खपत नाही. या सर्व पाठांत एक उणीव समान आहे. आवाज जिने केला, तिची साक्ष कोणी घेतलेली नाही.

मी तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची बोलते आहे. आवाज माझ्या पायांचा होता. हे आधीच कबूल करते, कारण पुढचे सगळे मी रागाने सांगणार आहे, आणि रागावणाऱ्याने आपला वाटा लपवू नये.

लोखंडाच्या पोकळ नळ्या वाकवून माझी चौकट झाली. वर लाकडी बैठक आली आणि चारही पायांना काळी रबरी बुचे बसली. बसवणारा कारागीर शेजारच्याला म्हणाला, “ही बुचं पडली की खुर्ची ओरडायला लागते.” शेजारचा म्हणाला, “ओरडू दे. आपल्या घरात थोडीच ओरडणार आहे?” मनुष्यस्वभावाचे याहून नेमके वर्णन मी नंतर कधी ऐकले नाही.

तिथून मी एका कारखान्याच्या फाटकाशी असलेल्या खोलीत आले. हजेरी घेणारे एक कारकून सव्वीस वर्षे माझ्यावर बसले. वेळेवर आलेल्याच्या नावापुढे खूण करायची आणि उशिरा आलेल्याला परत पाठवायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ देऊ केले तेव्हा ते म्हणाले, “घड्याळ नको, खुर्ची द्या.” तोवर माझी बुचे झिजून गळून पडली होती आणि नळ्यांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. इमारतीत आता त्यांना सगळे काका म्हणतात, आणि त्यांच्या पत्नीला काकू.

काकांच्या दुखऱ्या गुडघ्यांना ऊन हवे असते. सकाळी नवाला उन्हाचा पट्टा कपाटाशी असतो आणि दुपारी तीनला दाराशी पोचतो. काका त्याच्याबरोबर प्रवास करतात, पण उठत नाहीत. वर्तमानपत्र मांडीवर तसेच ठेवून टाचा रोवतात आणि मला वीतभर मागे ढकलतात. दर पंधरा मिनिटांनी एकदा, न चुकता. माझ्यावर एक आख्खा माणूस बसलेला, खाली गुळगुळीत फरशी आणि माझ्या नळ्या उघड्या. जो आवाज निघे, त्याने माझेच अंग शहारे.

नर्सचे वेळापत्रकही इतकेच नेमके होते. लहान मुलांच्या वॉर्डात तिची रात्रपाळी. ती साडेआठला घरी येई आणि नऊ ते तीन झोपे. सहा तासांत चोवीस वेळा मी तिच्या डोक्यावरून फरफटत जाई. जळमटे काढायच्या काठीने ती खालून छत ठोकत असे. तीन ठोके, हलकेच. ते माझ्या पायांना प्रथम कळत, मग काकांना.

“ऐकलंस का गं?” काका आत हाक मारून सांगत. “बारा वाजता अंथरुणात. आमच्या फाटकावर आली असती, तर तिथूनच परत पाठवली असती.”

“ती रात्री कामाला जाते,” काकू म्हणत.

“रात्री कसलं आलंय काम? रात्री आजारी माणूससुद्धा झोपतो.”

आणि उत्तर म्हणून ते मला मुद्दाम आणखी एकदा ढकलत. पट्टा जागचा हललेला नसे, तरीही.

मला राग येतो तो इथे. स्वतः दहाला दिवा मालवला की हा माणूस शेजारच्या घरातल्या नळाबद्दलही तक्रार करतो. आपली झोप ती विश्रांती आणि दुसऱ्याची ती आळस, हा हिशेब त्याने फाटकाशी बसून पक्का केला होता. आपण जिला जमीन म्हणतो ते कोणाचे तरी छत आहे, एवढे पहिलीतल्या मुलाला कळते. ज्याला सव्वीस वर्षे दुसऱ्यांच्या वेळा पाठ होत्या, त्याला ते कळू नये?

एकदा नर्स वर आली. ओरडायला नव्हे, हातात दोरा होता. माझ्या पायांचा घेर दोऱ्याने मोजून ती गेली आणि दोन दिवसांनी चार नवी बुचे घेऊन आली, कुबड्यांच्या टोकांना लावतात तसली. साबणाचे पाणी लावून तिने ती स्वतः बसवली. “काकू, आता सरकवायचं नाही हं, उचलून ठेवायचं,” एवढेच म्हणाली. काकूंनी तिला चहा पाजला.

ती जिना उतरली आणि काकांनी टाचा रोवल्या. मी हलले नाही. “खुर्ची अडतेय,” ते म्हणाले. “उठायचं म्हणजे पुन्हा गुडघे आले.”

काकूंचे कारण निराळे होते. या घरात रिमोटला पिशवी असते आणि सोफ्यावर दुकानातले प्लास्टिक अजून तसेच आहे. “कोरी करकरीत बुचं,” त्या म्हणाल्या, “फरशीवर घासून चार दिवसांत झिजायची.” त्यांनी ती काढली, धुतली, पुसली आणि काचेच्या कपाटात नव्या कपांशेजारी ठेवली. पाहुणे आले की माझ्या पायांत चढवत आणि गेले की काढत. खाली नर्सला वाटले, बुचे झिजली असावीत. तिने आणखी चार आणून दिली. तीही कपाटात गेली.

नंतर कित्येक दिवस खालून ठोके आले नाहीत. “बघ, सवय झाली तिला,” काका म्हणाले.

एका दुपारी साडेबाराला दार वाजले. नर्स उभी होती. घरचे कपडे, केस सुटलेले, डोळे लाल आणि हातात पांढऱ्या चिकटपट्टीचे रीळ. ती काकांपाशी आली आणि हळू आवाजात बोलू लागली.

“काल रात्री मी चार नंबरच्या बाळाचं औषध सहा नंबरच्या बाळाला द्यायला निघाले होते. सिरिंज हातात होती. मनगटावरचं नाव वाचलं म्हणून हात थांबला. उद्या थांबेलच असं नाही.”

“मग रजा घ्यायची,” काका म्हणाले.

“किती दिवस, काका? तुमचं ऊन संपेपर्यंत?”

काका वर्तमानपत्राची घडी घालू लागले. ती नीट बसेना.

“उठा,” नर्स म्हणाली. आणि काका उठले.

तिने मला फरशीवर आडवे केले, माझ्या उघड्या नळ्या पाहिल्या आणि मग काकूंकडे पाहिले. काकूंनी कपाट उघडले. आठही बुचे चकाकत होती.

“जपून ठेवलीत गं,” काकू म्हणाल्या. “झिजली असती.”

“झिजायलाच दिली होती, काकू.”

चार बुचे तिने बसवली. प्रत्येकावर चिकटपट्टीचे पाच वेढे घट्ट दिले, फाडल्याशिवाय निघणार नाहीत असे. मग मला सरळ केले आणि डगमगते का ते पाहायला माझ्यावर बसली. तिने टाचा रोवून पाहिल्या. मी हलले नाही. ऊन तिच्या गुडघ्यांवर पडले होते. तिने पाठ टेकली, आणि पुढच्या श्वासाला ती झोपलेली होती.

काका वर्तमानपत्र हातात धरून उभे होते. “आता मी बसू कुठे?” त्यांनी विचारले, आणि या घरात मी प्रथमच त्यांचा आवाज दबलेला ऐकला.

“खाली,” काकू म्हणाल्या.

काका भिंतीला धरून फरशीवर बसले. पट्टा सरकत दाराकडे गेला, मी जिथल्या तिथे राहिले. तीनला नर्स उठली, चपला पायांत घातल्या आणि जिना उतरून गेली.