एका डोळ्याची गाडी

बाबांच्या गाडीची किल्ली गेले नऊ दिवस माझ्या पर्समध्ये होती आणि घरात सगळ्यांत वाईट मी होते. असू दे. गेटच्या खांबाला गाडीचं दार घासून आणायचं आणि वर म्हणायचं, "खांबच पुढे आलाय." चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस असं बोलतो, तेव्हा डोकं फिरणार नाही तर काय होईल?

"माझे डोळे ठणठणीत आहेत," ते म्हणायचे. "मोतीबिंदू गाडीला झालाय. हेडलाइट बघ तिचे, पिवळे धुरकट झालेत. त्यातून उजेड बाहेर येणार कुठून?"

नाचता येईना अंगण वाकडं, मी म्हटलं. ते ऐकेनात. शेवटी पैज लागली. ते एक हेडलाइट घासून काढणार, एकच. तळघरातल्या पार्किंगमध्ये भर दुपारीही अंधार असतो, तिथल्या भिंतीवर मी अक्षरांचा तक्ता लावणार. गाडीत बसून त्यांनी शेवटून दुसरी ओळ वाचली तर किल्ली त्यांची. नाही वाचली तर कायमची माझी. तक्ता शोधायला मला लांब जावं लागलं नाही. दुकानात डोळे तपासायला टांगलेला जुना तक्ता कपाटावर गुंडाळून पडला होता.

रविवारी जेवणं उरकून आम्ही खाली उतरलो. बादली, पॉलिश पेपर, मऊ फडकी. बाबांनी आधी दाराचे ओरखडे घेतले. प्रत्येकावरून नख फिरवलं. "इथे नख अडकत नाही, म्हणजे वरच्यावर आहे, जाईल. हा एक मात्र खोल गेलाय, तो राहणार." पेस्ट लावून त्यांनी घासलं, आणि म्हटलं तसंच झालं. बाकीचे गेले, तो एक राहिला.

मग हेडलाइट. शेजारच्या रंगाला धक्का लागू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली आणि ओला पेपर फिरवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत हेडलाइट पांढराफटक. आधी निदान आतला बल्ब तरी दिसत होता.

"लावलीत वाट," मी म्हटलं.

"जरा दम धर. ही घाई आईची घेतलीस तू."

मग त्यांनी डोळे मिटले. खरंच मिटले. बोटाचं टोक प्लॅस्टिकवरून फिरवलं, मान हलवली, आणखी बारीक पेपर मागितला. आधी आडवं घासलं होतं, आता उभं. पुन्हा बोट, पुन्हा त्याहून बारीक पेपर. मला तिथे हात लावल्यावर सगळं एकसारखं गुळगुळीत लागत होतं. त्यांना कुठे कोपऱ्यात केसाएवढी खरखर उरलीय ते कळत होतं. मी फडकं पिळायचं विसरून बघत राहिले. काचा घासायची खोली दुकानाच्या मागे होती, तिथे आम्हा पोरांना मज्जाव असायचा. म्हणजे पन्नाशीला आले तरी माझ्या बापाला काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते. याच बोटांमुळे किती लोकांना जग दिसायला लागलं असेल!

शेवटी पॉलिशचा हात दिला, फडक्याने पुसलं आणि हेडलाइट उघडल्यासारखा झाला. मध्ये काही आहे असं वाटेचना. आत एक मेलेलं चिलट पडलं होतं, त्याच्या पंखांवरच्या रेषासुद्धा मोजता आल्या असत्या. मी ते बाबांना दाखवलं.

"चिलट?" बाबा वाकले. "असेल."

गाडीचे दिवे लावले. भिंतीवर एका बाजूला पिवळट डाग, दुसऱ्या बाजूला पांढरा, कडा असलेला लख्ख उजेड, आणि त्यात तक्ता. आधी मी बसून बघितलं. शेवटून दुसरी ओळ मला वाचता आली, शेवटची नाही.

बाबा बसले. वरपासून सुरुवात केली. एकेक अक्षर, न अडखळता, शेवटून दुसरी ओळ, आणि तिथेही न थांबता अगदी शेवटची ओळ. मी शेजारच्या सीटवर तोंडात बोट घालून बसले होते. नऊ दिवस या माणसाला आंधळा ठरवलं, म्हणून स्वतःची लाजही वाटली.

"हरले मी," मी म्हटलं. "किल्ली तुमची."

ते स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडे बघत होते.

"हा तक्ता मी चाळीस वर्षं लोकांकडून वाचून घेतलाय," ते म्हणाले. "झोपेतही म्हणेन. मला तिसऱ्या ओळीपर्यंतच दिसतंय. त्याच्या खाली सगळं सारवलेलं आहे."

तक्ता मीच निवडला होता. ते गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. त्यांनी दिवे बंद केले, किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून वरून माझी बोटं मिटली.

"वर जायचं का?" मी विचारलं.

"इतक्यात कुठे? दुसरा दिवा राहिलाय. आता तू चालवणार, तुला नीट दिसायला नको?"

ते उतरले, बादलीशी जाऊन उकिडवे बसले आणि डोळे मिटून बोट फिरवायला लागले.

"पेपर भिजवून दे," ते म्हणाले. "आधी जाडा."