कपाळाला लावलेला हातोडा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी हातोडा आहे. धुळ्यातल्या एका रुग्णालयात, हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत माझं काम चालतं. माझं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण हल्ली कुणी कौतुक केलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

खरं तर मी हाडांच्या कामासाठी घडलो. हाडांच्या विभागात काही वर्षं इमानेइतबारे राबलो. मग नवे, हलके हातोडे आले आणि मला इकडे बर्फ फोडायला धाडलं. मी नाक मुरडलं. बर्फाला पोलाद कशाला, असं वाटायचं. पण एकदा इथले सर्जन डॉक्टर ललित शिकाऊ डॉक्टरांना समजावत होते, ते ऐकून माझी छाती फुगली. हृदय उघडायचं तर ते थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्त यंत्र फिरवतं. थांबलेल्या हृदयाला उपासमार सोसत नाही, पण गार केलं की त्याची भूक कमी होते आणि ते सुखरूप झोपून राहतं. म्हणून आत थंड औषध सोडतात आणि वरून मिठाच्या पाण्याच्या बर्फाचा चुरा घालतात. तो चुरा मी करतो.

मात्र हृदयाला खेटूनच एक नाजूक नस जाते. छातीखालचं श्वासपटल हलवून श्वास आत ओढण्याचं काम तिचं. बर्फाचा खडा तिला टेकून राहिला तर ती बधिर होते आणि माणसाचा श्वास अर्धा होतो. त्यासाठी चुरा मऊ हवा आणि मध्ये एक लहानशी गादी ठेवायला हवी. मला रोज चालवणाऱ्या सुलक्षणा सिस्टर हे कधी विसरत नसत.

गेल्या उन्हाळ्यात अमळनेरचे अभिमन आबा आले. बाजार समितीत धान्याच्या लिलावाला ते भाव पुकारायचे. त्यांचा पुकारा म्हणे फाटकाबाहेर ऐकू जाई. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या. दुसऱ्या हातांनी मला घाईघाईनं चालवलं आणि मलाही मिरवायची भारी हौस. दोनचार घाव घातले, बर्फ फुटला, "झालं, झालं" म्हणून भांडं पुढे गेलं. त्यात खडे होते. मला दिसत होते. गादीही राहून गेली. आबांचं हृदय मात्र झकास सुरू झालं आणि सगळे खूश झाले.

काही महिन्यांनी आबा तपासणीला आले. गावात सगळे त्यांना चिडवत होते, आबाचं काळीज बर्फात ठेवलं होतं म्हणून. तो बर्फ कशानं फोडतात ते बघायचंच, असा त्यांनी हट्ट धरला. डॉक्टरांनी मला बाहेर आणून त्यांच्या हातात दिलं. आबांनी मला दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं.

"देवबाप्पा, तू मन्हा जीव..." एवढं बोलून ते थांबले, धापा टाकल्या, आणि मग म्हणाले, "वाचाडा."

शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी हळूच सांगितलं, की पुकारा आता जमत नाही, पायरी चढतानाही दम लागतो. पण जीव वाचला, तेवढं चालायचंच, असंही म्हणाल्या. मित्रांनो, मी पोलादाचा, तरी त्या हातांत मला वितळून जावंसं वाटलं.

डॉक्टर ललित पुढे झाले. मग म्हणाले, "आबा, हा दम तुमच्या आजाराचा नाही. बर्फानं नस दुखावली. चूक आमची आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या छातीच्या फोटोत मला ते तेव्हाच कळलं होतं."

आबांनी आवाज चढवला नाही. त्यांना चढवताही आला नसता.

"हाई माले तवयच सांगाले जोयजे व्हतं," ते म्हणाले. "मन्हा दम परत येई का?"

बहुतेकांचा हळूहळू येतो, पण शब्द देता येत नाही, असं डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. आबांनी मला खाली ठेवलं. पुन्हा कपाळाला लावलं नाही.

आता डॉक्टर चुरा स्वतः बोटांनी चाचपून बघतात. परवा बोदवडच्या भूमिका नावाच्या मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी भांडं दोनदा परत पाठवलं. मला राग आला नाही. बर्फ पूर्वीइतकाच गरजेचा आहे, आणि मीही. आबा मात्र अजून पुकारा करत नाहीत.

मित्रांनो, चुका तुमच्याही हातून होतील. पण ज्याला दुखावलं तोच हात जोडून समोर आला, तर गप्प बसून नमस्कार घेऊ नका. आधी खरं सांगा. मग त्याला वाटलं तर तो करील नमस्कार.