टाकीच्या आतलं

आकडा आत घालून जरासा ओढला, तर दुधावरची साय निघावी तसा मोठाच्या मोठा पापुद्रा मोटारसायकलच्या टाकीच्या तोंडातून बाहेर आला. मी तो फरशीवर टाकला आणि पुन्हा आकडा घातला. पुन्हा तसाच आला. समोरच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. त्यांच्या कोपराला पट्टी होती. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सिस्टर घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुतात, पट्ट्या बदलतात. मोटारसायकल हेच त्यांचं सगळं. आदल्या दिवशी उताराच्या वळणावर ती अचानक बंद पडली. मागून बस येत होती. त्या कडेच्या खडीवर पडल्या म्हणून वाचल्या. मेकॅनिकने पेट्रोलचा कॉक खोलला, तर आत आम्हीच टाकीला दिलेलं लायनिंग बोळा होऊन बसलेलं.

"तुमच्या दादांनी सांगितलं होतं, हे निघणार नाही म्हणून," जाताना त्या एवढंच म्हणाल्या. "मी त्यांच्या भरवशावर होते."

अशी परत आलेली ही पहिली टाकी नव्हती. त्याआधी एका दूधवाल्याची आली होती, मग एका मास्तरांची. प्रत्येक वेळी दादाने मान हलवली होती. "माल बिघडलाय," एकदा म्हणाला. "पेट्रोलमध्ये हल्ली काहीतरी मिसळतात," दुसऱ्यांदा म्हणाला. मी दोन्ही वेळा मान हलवली. दादा म्हणाला म्हणजे ते तसंच असणार, ही सवय मी चड्डीत होतो तेव्हापासूनची.

आमचं काम आधी सांगतो. जुन्या गाडीची टाकी आतून गंजते. गंजाचा भुगा पेट्रोलबरोबर खाली उतरतो आणि इंजिन गुदमरतं. म्हणून टाकी आतून स्वच्छ करायची आणि मग लायनिंग ओतायचं. हे पातळ रसायन असतं. ते आत घालून टाकी सगळ्या कुशींवर फिरवायची, म्हणजे आतून एकसारखा थर बसतो. तो वाळून कडक झाला की पेट्रोल लोखंडाला शिवत नाही. पण खरं काम त्याच्याही आधीचं. टाकीत ॲसिड आणि ओंजळभर नट घालायचे आणि ती दोन्ही हातांनी उचलून खळाखळा हलवायची, उलटीपालटी करायची, आतलं लोखंड पांढरं दिसेपर्यंत. याला आम्ही 'टाकी वाजवणं' म्हणतो. लायनिंग ओतायला कोणीही ओतेल. टाकी वाजवणारा मात्र दादाच.

आतलं दादाचं आणि बाहेरचं माझं, अशी वाटणी वडिलांनीच करून दिली होती. मी रंगारी. प्रायमर, रंग, कडेच्या बारीक रेषा, वरची चकाकी हे सगळं माझं. गिऱ्हाइकं तर आम्हाला नावाने ओळखतच नाहीत. "आतले आहेत का?" असं विचारत येतात, आणि दादा नसला तर माझ्याकडे बघून "असू दे, नंतर येतो," म्हणून निघून जातात. बायको मला यावरून चिडवते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझी रेष जरा वाकडी गेली तर सगळ्या गावाला दिसते. दादाचं काम कोणालाच दिसत नाही, तरी लोक त्याच्यावर विश्वास टाकतात. मला त्याचा अभिमान होता.

सिस्टर गेल्या आणि माझं डोकं सटकलं. निघालेले पापुद्रे पिशवीत भरले, दादाला मागे बसवला आणि गाडी थेट केमिकलवाल्याच्या दुकानावर घातली. दादा वाटेत दोनदा म्हणाला, "राहू दे रे, उद्या जाऊ." मी ऐकलं नाही.

केमिकलवाला आमचा वडिलांपासूनचा. आमचे वडील गेले तेव्हा सगळ्यांच्या आधी हाच दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या दुकानात गर्दी होती. मी त्या गर्दीसमोर पिशवी काउंटरवर उपडी केली आणि तोंडाचा पट्टा सोडला. भेसळ करतोस, म्हणालो. एक बाई मरता मरता वाचली, म्हणालो. आमच्या वडिलांचं नावसुद्धा मध्ये आणलं. त्याने शांतपणे त्याच मालाचा नवा डबा फोडून दाखवला. हाच माल बाकी सगळे नेतात, कोणाची तक्रार नाही, असं सांगितलं. मी म्हणालो, बाकीच्यांना गंडवणं सोपं असेल. गिऱ्हाइकं एकेक करून बाहेर सरकली.

मग तो दादाकडे वळला. "तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

दादा रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं, भिडस्त माणूस आहे, जुन्या ओळखीपायी मूग गिळून बसलाय. केमिकलवाला त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने काउंटरवरचा एक पापुद्रा उचलला, उलटा केला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "घरी जाऊन नीट बघ," म्हणाला. मी तो न बघताच खिशात कोंबला. माझं समाधान झालं होतं. येताना तर मी शीळसुद्धा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाची सुरी शोधताना खिशातून तो कागद निघाला.

मी रंगारी आहे. रंग सुटला की पापुद्रा उलटा करून बघायचा, ही आमची बाराखडी. पाठ स्वच्छ असेल तर रंगाचा दोष. पाठीला गंज चिकटून आला असेल तर हाताचा दोष, कारण गंजावर रंग मारला होता. हे मला दादानेच शिकवलं, पहिल्यांदा ब्रश हातात दिला तेव्हा. आणि एवढे पापुद्रे मी स्वतःच्या हाताने ओढून काढले, पण एकही उलटून पाहिला नव्हता. दादाच्या कामाची पाठ बघायची असते हे माझ्या मनातच आलं नाही.

उलटून पाहिला. पाठ तपकिरी होती. नुसता डाग नव्हे, नखाने भुगा पडेल इतका जाड गंज. ती टाकी कधी वाजलीच नव्हती. गंजावर तसंच लायनिंग ओतलेलं होतं.

माझा पहिला विचार काय आला, तर हे शक्य नाही. कारण मी ऐकलं होतं. आमच्या कारखान्याच्या मधोमध पडदा आहे. पलीकडे दादा, अलीकडे मी. आणि रोज पलीकडून नटांचा खळखळाट येतो. सिस्टरची टाकी आत होती त्या दिवसांतही येत होता. आताही येत होता. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि पडदा सारला.

दादा स्टुलावर बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित. खांद्यावर वहिनी गरम वाळूची पुरचुंडी धरून उभी होती. छताच्या वाशाला दोरीने एक भंगारातली टाकी टांगली होती. दादा पायाने तिला पाळण्यासारखे झोके देत होता आणि आतले नट खळखळत होते. कामाला आलेली टाकी बाजूला जमिनीवर होती. तिचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं.

वहिनीच्या हातून पुरचुंडी सुटली. दादाचा पाय थांबला, पण टाकी हलत राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

वहिनीच बोलली. "भाऊजी, खांदा गेलाय त्यांचा. हात छातीच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, आता असाच राहणार."

"मी तुला नाही विचारलं, वहिनी."

"मागच्या उन्हाळ्यापासून," दादा म्हणाला.

माझ्या तोंडून जे निघालं ते मलाच अनपेक्षित होतं. एवढी युक्ती सुचली, तर खऱ्या टाकीला का नाही लावलीस, असं मी विचारलं. रागातसुद्धा माणूस कसले प्रश्न विचारतो.

"लावून बघितली," दादा म्हणाला. अगदी कामाचं बोलावं तसं. "झोक्याने नुसता आवाज होतो. गंज सुटायला जोर लागतो, उलटीपालटी करायला लागते."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, दादा, तू बस आता. कोणीतरी माणूस ठेवला असतास. बाबांना आपण असंच बसवलं होतं. आठवतं? दाराशी खुर्ची टाकून दिली होती. येणारा जाणारा 'काय, बरं आहे ना' म्हणायचा, बास. कामाचं कोणी विचारायचं नाही. मला ते नको होतं."

"आणि सिस्टर बसखाली गेल्या असत्या तर?"

वहिनी रडायला लागली. म्हणाली, मीच त्यांना म्हटलं, थोडे दिवस जाऊ दे, खांदा सुटेल. लायनिंग ओतल्यावर टाकी फिरवायलाही तीच हात लावत होती. म्हणजे माझ्या पडद्यापलीकडे वर्षभर दोघांचा संसार चालला होता आणि अलीकडे मी त्या खळखळाटाच्या तालावर रेषा ओढत होतो. दादा पलीकडे राबतोय या भरवशावर दिवस कसा भरल्यासारखा वाटायचा. कोणाचा खांदा जातो, कोणाचे डोळे जातात, त्याचा राग कोण धरेल? पण तो आवाज माझ्यासाठी काढलेला होता. फक्त माझ्यासाठी, कारण तो ऐकणारा दुसरा कोणी नव्हताच.

"काल तू उभा होतास," मी म्हणालो. "मी त्या माणसाला बाबांचं नाव काढून बोललो आणि तू शेजारी उभा राहून रस्ता बघत होतास. दादा, तू केसाने गळा कापलास माझा."

"थांबवणार होतो," तो म्हणाला. "जमलं नाही."

मी बाहेर पडलो. चालत केमिकलवाल्याकडे गेलो, कारण गाडीवर बसायची लाज वाटत होती. दुकान रिकामं होतं. मी काउंटरला हात टेकून माफी मागितली. वाक्य धड जुळेना. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"झालं गेलं," तो म्हणाला. "तुझ्या दादाचा फोन आला होता मला. काल संध्याकाळीच. सगळं सांगितलं. रडत होता."

मी ग्लास खाली ठेवला.

"म्हणाला, धाकट्याला एवढ्यात कळू देऊ नका. मी म्हटलं, पापुद्रा दिलाय त्याच्या हातात, आज ना उद्या बघेल. तर म्हणाला, माझं काम तो उलटून बघणार नाही."

एवढं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कालच्या कालच तो परक्या माणसापाशी रडू शकला. माझ्या शेजारी मात्र रात्री बसून जेवला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, आणि झोपायला गेला. माझ्या विश्वासाचीही त्याला खात्री होती. त्याच खात्रीवर तो वर्षभर निर्धास्त होता. अपमानाचं, नुकसानीचं सगळं मी गिळलं असतं, पण हे माझ्या घशाखाली उतरेना, अजूनही उतरलेलं नाही.

सिस्टरची टाकी मी स्वतः केली. रसायन घालून उरलेलं लायनिंग सोडवलं, मग ॲसिड आणि नट घातले. वाजवायला उचलली आणि थोड्याच वेळात दंड भरून आले. थांबत थांबत दिवसभर वाजवली. दादा स्टुलावर बसून ऐकत होता. एकदा म्हणाला, "आता डाव्या कुशीवर." मी डाव्या कुशीवर घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. मग धुतली, गरम हवेने वाळवली, ओतलं, फिरवलं. वहिनी मदतीला पुढे आली. मी नको म्हटलं. घरात त्या आठवड्यात भांड्यांचाच काय तो आवाज होता.

दूधवाल्याला आणि मास्तरांनाही निरोप पाठवला, टाक्या घेऊन या म्हणून. निरोपात कारण लिहिलं नाही.

थर कडक झाल्यावर सिस्टर आल्या. कोपराची पट्टी निघाली होती. मी टाकी गाडीवर चढवली, नळी जोडली. दादा आतून बाहेर आला. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. माझ्याशी काहीच न ठरवता तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माल चांगला होता. पेट्रोलही चांगलं होतं. चूक माझी. मी टाकी न वाजवता लायनिंग ओतलं होतं. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे."

सिस्टर रोज जखमा बघणाऱ्या, त्याच्या लोंबत्या हाताकडे त्यांची नजर गेलीच. खांदा एकदा आमच्या दवाखान्यात दाखवा, म्हणाल्या. मग टाकीत वाकून पाहिलं. आत सगळं एकसारखं, गुळगुळीत होतं.

"आता हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

विचारलं दादाला. तो माझ्याकडे बघायला लागला. 'दादानेच' एवढा एक शब्द हवा होता त्याला. मी तो दिला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. दादा जाग्यावर राहिला असता. मला ते दिसत होतं, आणि त्या शब्दाच्या जागी मला टांगलेली टाकीही दिसत होती.

"मी केलं," मी म्हणालो. "यापुढे मीच करणार."

खरं तेच बोललो होतो. दादाने मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने पत्ता सांगितला आणि त्याला तो समजला. मग त्याने बाकावरचं झाकण उचललं, डाव्या हाताने टाकीवर बसवलं आणि किल्ली घालून फिरवायला लागला. ती फिरेना. झाकण उजव्या हाताने दाबून किल्ली फिरवायची असते, आणि त्या हातात आता जोर नव्हता. तो किल्ली काढून पुन्हा घालत राहिला. सिस्टर त्याच्याकडे न बघता हातमोजे चढवत उभ्या होत्या. मी त्याच्या शेजारीच होतो, दोन्ही हात मोकळे होते, आणि मी पुढे झालो नाही.