गढीच्या तुळयांचं वय

नमुने अकरा होते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या ओकच्या कांड्या, प्रत्येकीवर मधुवंतीच्या अक्षरात तुळईचा क्रमांक. नवांमध्ये नुसता गाभा, एक मधोमध मोडलेली, आणि सात नंबरच्या टोकाला गाभ्याबाहेरचं थोडं फिकट लाकूड.

फेब्रुवारीत तिने त्या स्वतः फ्रान्समधल्या एका जुन्या गढीच्या छतातून पोकळ ड्रिलने काढल्या होत्या. गढीत खाली दगडी कमानींचं कोठार, वर जहागीरदाराचा दिवाणखाना, कोपऱ्यात गोल जिन्याचा मनोरा. दिवाणखान्याला माळा नाही. मान वर केली की थेट तुळया दिसतात, सुतारांनी जोडणीसाठी कोरलेल्या खुणांसकट. १४३१ मध्ये शत्रूने गढी जाळली होती. हे छत आगीतून वाचलेलं की नंतर बांधलेलं, हे लाकडातली वार्षिक वलयं मोजून ठरवायचं होतं; एवढ्याच प्रश्नावर मधुवंतीची पीएचडी उभी होती.

उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं. युनिव्हर्सिटीने मुदत दोनदा वाढवली होती, तिसऱ्यांदा नकार कळवला होता. पीएचडी गेली की व्हिसाही गेला. त्यात दुपारी बातमी आली: कोरोनामुळे रात्री बारापासून ॲडलेड बंद. मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर सिक्युरिटीवाला एकेक इमारत रिकामी करत फिरत होता. तिला त्याने पाच वाजेपर्यंत वेळ दिला.

तिने गाईडना व्हिडिओ कॉल लावला.

"सात नंबरची साल कुठंय?" श्रीनिवास सरांनी फोटो मोठा करून पाहिला. "तुळईला साल होती, असं तुझ्याच वहीत आहे."

"होती, सर. पण ऑस्ट्रेलियात कीड येऊ नये म्हणून क्वारंटाइनच्या नियमात होतं, लाकडाला साल नको. मी हॉटेलात ब्लेडने तासली. कण राहू नये म्हणून जरा खोलवर."

"अगं, झाडाचं शेवटचं वर्ष सालीखालीच असतं."

"माहितीये."

"मग सालीसकट डिक्लेअर करायचं, परवानगी काढायची, इथे प्रक्रिया करून घ्यायची. सगळे तेच करतात."

"मला वाटलं, जप्त करतील."

"कस्टमला इतकी घाबरणारी पुण्याची पोरगी पहिल्यांदाच बघतोय." दोघांपैकी कुणीच हसलं नाही. "तासलेला चुरा?"

"हॉटेलच्या केरात."

पुन्हा नमुना काढायला कोण जाणार, हे त्यांनी विचारलंच नाही. कोरोनामुळे ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायची बंदी होती. कशीबशी पडलीच, तर परत येता आलं नसतं.

"हे बघ," सर म्हणाले, "त्या भागातल्या ओकला गाभ्याबाहेर फिकट वलयं कमीत कमी अठरा, जास्तीत जास्त चाळीस असतात. गाभा संपतो त्या वर्षात दोन्ही आकडे मिळव. दोन्ही वर्षं आगीच्या एकाच बाजूला पडली, तर सुटलीस."

"आणि आग मध्येच आली तर?"

"आधी मोज."

तिने कांडी घासून गुळगुळीत केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एक वलय निसटलं, म्हणून पहिली मोजणी तिने अर्ध्यात टाकून दिली. मनगट टेबलाच्या कडेला दाबून पुन्हा सुरुवात केली. एका वर्षाचं एक वलय, जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. सगळे आकडे तिने त्या प्रदेशाच्या, वर्षं आधीच माहीत असलेल्या वलयांच्या संदर्भमालिकेशी ताडून पाहिले. जुळणी एकाच जागी बसली. खात्रीसाठी तिने पुन्हा मोजलं, आणि सिक्युरिटीवाल्याने काचेवर टकटक केल्यावर तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा तेच आलं.

पाचला तीन मिनिटं असताना तिने वहीत लिहिलं: नमुना सात. गाभ्याचं शेवटचं वलय, इ.स. १४०७. शिल्लक फिकट वलयं, बारा. झाड तोडल्याचा काळ, इ.स. १४२५ ते १४४७. आग, इ.स. १४३१.