माझी वाटणी होणार नाही

मी पाइप बोलतोय. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणून सोडणारा, घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा असलेला बिडाचा पाइप. स्वयंपाकघरातल्या नळाशी माझी गल्लत करू नका. नळाला रोज हात लागतो, त्याला घासूनपुसून लख्ख ठेवतात. माझी आठवण होते ती छत गळायला लागल्यावर, आणि तीही शिवी देऊन. चालायचंच. शिव्यांनी बीड गंजत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतला, गार झाल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर पडलो. आतून पोकळ, बाहेरून खडबडीत. कामगाराने हातोडीचे टोले दिले, कान लावला आणि म्हणाला, "वाजतोय चांगला." पोकळ असूनही कौतुक होणं माणसांतही चालतं, हे मला पुढे कळलं.

मला विकत घेतलं ते गोदीत क्रेन चालवणाऱ्या एका माणसाने. घर बांधत होता. दुकानदार त्याला म्हणाला, "पत्र्याचा न्या की, हलका पडेल."

"हलका तर वाऱ्यालाही पडेल," क्रेनवाला म्हणाला आणि मला खांद्यावर घेतलं.

आमच्याकडची हवा मोठी खोडसाळ. उन्हाळ्यात भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि हवेत ओल इतकी की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. दारं फुगून बसतात. आणि मग वादळं येतात. एकदा एक अख्खा पत्रा आमच्या डोक्यावरून उडत गेलेला मी पाहिलाय.

म्हणून ऊन तापायला लागलं की क्रेनवाला घराच्या मागे लागायचा. गच्चीच्या भेगा भरायच्या, वर पांढरा चुना फासायचा, टाकीचं झाकण तारेने बांधायचं, घरावर आलेल्या फांद्या छाटायच्या, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचं, गाद्या उन्हात टाकायच्या. शेवटी माझी पाळी. वरच्या तोंडातला पाचोळा तो हाताने उपसायचा, खालच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालायचा. दोन मुलं होती त्याची. थोरला आणि धाकटा. दोघं कुरकुरत मदत करायची. तो म्हणायचा, "घराची मशागत आभाळ कोरडं असताना करायची. ओल्या आभाळाखाली नुसती पळापळ होते."

तो गेला. मुलं मोठी झालेली होती, लग्नं झालेली होती. थोरला कचेरीत कारकून, धाकट्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. मामांना मध्ये बसवून वाटणी झाली. वरचा मजला आणि गच्ची थोरल्याची, खालचा मजला आणि अंगण धाकट्याचं. कपाटं वाटली, पातेली वाटली, कोयंडा कुणाचा आणि कडी कुणाची इथवर बोलणं झालं. माझी आठवण कुणालाच झाली नाही. माझं वरचं तोंड थोरल्याकडे गेलं, खालचं धाकट्याकडे, आणि मधला मी भिंतीवर लटकत राहिलो.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्यात हात घालायला कुणी आलं नाही. थोरला म्हणाला, पाणी खाली साचतं, खालच्याने बघावं. धाकटा म्हणाला, पाचोळा वरून येतो, वरच्याने बघावं. पावसाळ्यात गच्चीवर तळं झालं. थोरल्याच्या छताला ओल आली आणि माझ्या तोंडातून उसळलेला चिखल धाकट्याच्या अंगणभर पसरला. मग शब्दाने शब्द वाढला. धाकटा मुळात तापट. त्याने अंगण उंच करून नवीन गुळगुळीत फरशा बसवल्या आणि जाता जाता माझं खालचं तोंड सिमेंटने लिंपून टाकलं.

"तुझ्या गच्चीचं पाणी माझ्या अंगणात नको," त्याने खालून ओरडून सांगितलं.

"मग बघू कुठे जातं ते," थोरला वरून म्हणाला. त्यानंतर भावाभावांत अबोला. बायकांनाही ताकीद, बोलायचं नाही.

आता मला सांगा, पाणी काय यांच्या भांडणासाठी ढगात थांबणार होतं? तोंड बांधलं म्हणून मी मुकाट बसेन असं धाकट्याला वाटलं असेल, तर त्याने मला ओळखलंच नव्हतं. पुढच्या पावसात मी पाण्याने गच्च भरलो, आणि दोन मजल्यांच्या मध्ये माझ्या दोन तुकड्यांना जोडणारा जो सांधा आहे तिथून फुटलो. फुटलो ते थेट त्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर. सगळा पावसाळा त्या भिंतीवर मी थुंकत होतो. मला त्याची लाज नाही. वरही तळं साचलं, थोरल्याच्या छताचे पोपडे सुटले. दोन्ही घरांना सारखाच प्रसाद दिला. न्यायात मी मामांपेक्षा सरस.

या सगळ्यात हाल झाले ते दोघी जावांचे. थोरली घरीच शिवणाचं मशीन चालवायची, आवाज खणखणीत. धाकटी शाळेची व्हॅन चालवायची, अंगाने काडी, पण स्टिअरिंग धरून धरून हात लोखंडासारखे. वाटणीआधी दोघींचं मेतकूट जमलेलं होतं. आता जिन्यात गाठ पडली तरी एक भिंतीकडे बघायची, दुसरी चपलांकडे.

यंदाच्या उन्हाळ्यात, रविवारी सकाळी, रेडिओवर वादळाची सूचना आली. दुपारपर्यंत किनाऱ्याला लागेल म्हणे. थोरला पेपर वाचत बसला. थोरलीने मात्र पदर खोचला आणि गच्ची गाठली. माझ्या वरच्या तोंडाशी उकिडवी बसून ती पाचोळा उपसायला लागली. कुजकी पानं, कबुतराचं घरटं, कुणाच्या तरी फुटक्या चेंडूची साल. उपसता उपसता तोंडाचा पट्टा चालूच. "दोन घोडे वाढवले सासूबाईंनी. एकाला हात नाहीत, दुसऱ्याला डोकं नाही."

तिचा आवाज माझ्यातून खाली उतरला आणि फुटक्या सांध्यातून धाकटीच्या खिडकीशी बाहेर पडला. धाकटी तिथेच ओल्या कपाटातल्या चादरी बाहेर काढत होती. ती दचकली. मग हसली. खिडकीतून वाकून तिने सांध्याला तोंड लावलं.

"डोकं नाही तो कुठला, ताई? वरचा की खालचा?"

वर थोरलीचे हात थांबले. ती माझ्या तोंडाशी वाकली. मग हळूच म्हणाली, "अगं, तू?"

"मीच. कपाटाला बुरशी आलीय बघा. चादरी हिरव्या झाल्यात."

"आमच्या छताला पोपडे आलेत. परवा एक यांच्या ताटात पडला."

"मग?"

"खाल्ला, आणि म्हणाले मीठ कमी आहे."

धाकटी इतकी हसली की मी आतून थरथरलो. हसून झाल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. "ताई, आजचं वादळ साधं नाही. पाण्याला वाट दिली नाही तर ही भिंत राहील का? रात्री माझ्या पोरी इथेच झोपतात."

"माझ्याकडेही तेच. छत फुगलंय, खाली झोपायची भीती वाटते." थोरलीने सुस्कारा सोडला. "वरचं तोंड मी मोकळं केलंय. खालचं माझ्या हातात नाही."

"माझ्या आहे," धाकटी म्हणाली.

लपूनछपून नाही, भर दिवसा. तिने नवऱ्याच्या गॅरेजातून छिन्नी आणि हातोडा आणला, अंगणात बसकण मारली आणि माझ्या तोंडावर पहिला घाव घातला. खरं सांगतो, इतका गोड मार मी जन्मात खाल्ला नव्हता.

धाकटा धावत आला. "काय चाललंय?"

"दिसत नाही का? तोंड उघडतेय."

"कुणाचं?"

"आधी पाइपाचं. मग माझं."

"मी बंद केलंय ते."

"तुम्ही केलंत म्हणूनच फोडावं लागतंय." घाव थांबले नाहीत. सिमेंटचे तुकडे उडाले, त्याबरोबर नव्या फरशीचा कोपराही. धाकटा कळवळला. "माझ्या फरशा गं."

"फरशा बदलता येतात. भिंतीखाली सापडलेली माणसं बदलता येत नाहीत."

सिमेंट निघालं, पण वाट मोकळी होईना. आत गाळ दगडासारखा बसला होता. तेवढ्यात थोरली जिना उतरून खाली आली. पाठोपाठ थोरल्याचा आवाज, "दुसऱ्याच्या अंगणात तुझं काय काम?"

"आपल्या घराचं पाणी जातंय तिथे," ती वळूनही न बघता म्हणाली, "मग मला जायला काय झालं? तुम्ही गच्चीवर जा आणि मी सांगितलं की बादल्या ओता."

कचेरीत थोरल्याला असं कुणी सांगितलं नसावं. तो बादली उचलून वर गेला. धाकटीने खालून सळई खुपसली, वरून पाणी आलं, पुन्हा सळई, पुन्हा पाणी. माझ्या पोटातली घाण कुरकुरत हलली आणि एकदम भसकन सुटली, ती सगळी धाकटीच्या अंगावर. डोक्यापासून पायापर्यंत काळी झाली बिचारी. थोरली पदराने तिचं तोंड पुसायला लागली आणि दोघी पोट धरून हसत सुटल्या. धाकटा मात्र आभाळाकडे बघत होता. ते तांब्यासारखं लाल झालं होतं आणि वारा उलटा फिरला होता.

खरी भीती पुढेच होती. माझा वरचा तुकडा सांध्यातून सरकला होता आणि त्याला भिंतीशी धरणारा पट्टा गंजून तुटायला आला होता. त्या वाऱ्यात मी सुटलो असतो तर खालची खिडकी, कपाट आणि माणसं, सगळ्यांवर कोसळलो असतो. मला पुन्हा सांध्यात बसवायचं तर एकाने वरच्या खिडकीतून धरून उचलायचं आणि दुसऱ्याने शिडीवरून बसवायचं. एका मजल्याचं हे काम नव्हतं.

धाकटा पाना आणि नवा पट्टा घेऊन शिडीवर चढला. खाली धाकटीने शिडी धरली. वर खिडकीत थोरला आला, कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि मला मिठी मारली. थोरली त्याला मागून धरून उभी.

"त्याला सांग, उजवीकडे घे म्हणावं," थोरला बायकोला म्हणाला.

"माझे दोन्ही हात तुम्हाला धरण्यात गुंतलेत. तोंड तुम्हालाही आहे."

"दादाला सांग, अजून उचल," धाकटा शिडीवरून म्हणाला.

"मी शिडी धरू की निरोप नेऊ?" धाकटी म्हणाली.

तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की मी भिंतीपासून हातभर सुटलो. माझं सगळं वजन थोरल्याच्या हातांवर आलं. शिडी हलली. त्याच्या बोटांची पकड निसटतेय हे मला कळत होतं. मी म्हटलं, पडायचं नाही. भिंतीतल्या त्या गंजक्या पट्ट्याला मी असा चिकटून राहिलो की विचारू नका.

"धाकट्या, उजवीकडे घे," थोरला म्हणाला. आवाज फाटला होता.

"घेतलं."

"अजून थोडं."

"दादा, तुझ्या बाजूने सुटतंय."

"नाही सुटत. मी धरलंय. तू बसव."

मी सांध्यात बसलो. पट्टा आवळला गेला. धाकटा शिडीवरून उतरला, आणि वर थोरला खिडकीच्या चौकटीला टेकून तळहात बघत होता. सालटं निघाली होती. धाकट्याने वर पाहिलं. "आयोडीन आहे का तुझ्याकडे? नाहीतर गॅरेजातलं पाठवतो."

"आहे," थोरला म्हणाला. मग तळहातावर फुंकर मारून म्हणाला, "पाठव."

मग वादळ आलं. रात्री उशिरापर्यंत ते घराला झोडपत होतं. दिवे गेले, समोरच्या घराचं पाणी जिन्यावरून धबधब्यासारखं कोसळलं. आणि मी? मी गरजत होतो. गच्चीवरचा थेंब न् थेंब पोटात घेत होतो आणि त्या फुटक्या फरशीवरून रस्त्याच्या गटारात फेकत होतो. येऊ दे म्हटलं, अजून येऊ दे. वरचं छत थेंबभर गळलं नाही. खालच्या खोलीत पोरी निजल्या होत्या आणि भिंत कोरडी होती.

यानंतर दोन्ही भाऊ गळ्यात गळे घालून राहिले असं समजू नका. गेल्या आठवड्यात मला रंग लावायचं निघालं तेव्हा पुन्हा जुंपली. थोरल्याला हिरवा हवा होता, धाकट्याला काळा. शेवटी दोघांनी आपापला लावला. आता मी सांध्यापासून वर हिरवा आणि खाली काळा आहे. येणारे-जाणारे हसतात. हसू देत. हिरव्यातून गेलेलं पाणी काळ्यातूनच बाहेर येतं, आणि रंगवताना दोघं एकमेकांना शिव्या देत होते, म्हणजे बोलत होते.

कुणीतरी सुचवलंय, हा जुना बीड काढा आणि प्लास्टिकचा बसवा. काढून तर दाखवा. भिंत येईल सोबत.

तुमच्याही घरामागे माझा कुणी भाऊबंद उभा असेल. त्याला रंग कुठलाही लावा, नाही लावलात तरी तो रुसणार नाही. फक्त ऊन आहे तोवर त्याच्या दोन्ही तोंडांत एकदा हात घाला. किळस वाटेल, वाटू द्या. हात धुता येतात.

बरं, आता पुरे. आभाळ भरून आलंय, गच्चीवर पाणी वाजायला लागलंय, आणि तोंडात पाणी घेऊन बोलायची मला सवय नाही. तुम्ही माझ्या तोंडासमोर उभे आहात. जरा सरका, मला काम आहे.