डोमाजीची साक्ष

हरिहरपंतांची उलटतपासणी ऐकायला अमरावतीच्या कोर्टातले तरुण वकील मुद्दाम मागच्या बाकांवर येऊन बसत. त्या दिवशीही बसले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात धामणखेडचा डोमाजी उभा होता. अंगात धुवट सदरा, डोक्याला फेटा, पाय अनवाणी. आत वहाणा चालत नसतील असं वाटून त्या त्यानं दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी धामणखेड वसलेलं. गावामागे मोरदरा नावाचा जंगलाचा उतार. तिथलं सागवान केशवराव ठेकेदारांनी सरकारी लिलावात घेतलं होतं. गावाचं म्हणणं, हा उतार आम्ही राखून वाढवला, सरपणाचा आणि चराईचा आमचा जुना हक्क आहे, तोड थांबवा. हरिहरपंत ठेकेदारांच्या बाजूनं उभे होते.

"मोरदऱ्यात कुऱ्हाड न्यायची नाही, असा तुमच्या गावाचा नियम आहे म्हणता?"

"व्हय जी. लढाईच्या सालात डोंगर पार बोडका झाला होता. पानी आलं का गोटे वावरात येऊन पडत. मंग समदं गाव पारावर बसलं अन् ठरोलं. कुऱ्हाड बंद, बकऱ्या बंद. वाळलेलं तेवढं उचलायचं. घरटी राखनीची पाळी लावली."

"आणि त्याआधी झाडं कोण तोडत होतं?"

"आमीच."

"तुम्ही स्वतः?"

"मी बी तोडली. खोटं काहून बोलू?"

"कोणाच्या परवानगीनं?"

डोमाजी गोंधळला. "परवानगी? आपल्याच जंगलाची कोनाले इचारा लागते?"

"म्हणजे न विचारता तोडलीत. बरं, तुमच्या वावरातला कापूस कोणी न विचारता नेला, तर त्याला तुम्ही काय म्हणता?"

डोमाजी फेट्याचं टोक चाचपू लागला.

"सांगा ना. लाजू नका."

"चोर म्हनतो."

"बस," हरिहरपंत कोर्टाकडे वळून म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. सगळे हसताहेत म्हणून डोमाजीही कसनुसा हसला. मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात येत गेलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू उतरत गेलं. हरिहरपंतांनी ते पाहिलं. पाहून ते खाली बसले आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. हा माणूस चोर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दावा हक्काचा होता, तो कायद्याच्या मुद्द्यावरही पडला असता. पण मागच्या बाकांवर माणसं बसली होती.

मनाईहुकूम मिळाला नाही. होळीच्या आत मोरदऱ्याचा वरचा अर्धा भाग साफ झाला.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर एका सकाळी हरिहरपंतांच्या ओसरीवर धामणखेडची चार माणसं येऊन बसली. पुढे पार्वताबाई होत्या, पंचायतीत बसणाऱ्या, उभ्या अंगाच्या, स्वतःचं वावर स्वतः पाहणाऱ्या विधवा बाई. सोबत त्यांचा दीर उत्तमराव. हरिहरपंतांच्या पत्नी अनसूयाबाईंनी पाणी आणून दिलं. ओसरीवर वाद होणार अशी हरिहरपंतांनी मनाशी तयारी केली.

"वकीलसाहेब," उत्तमराव म्हणाला, "मोरदऱ्याचा खालचा अर्धा राह्यला. आता त्याचा लिलाव येईन. जंगलात काम करनाऱ्यायची सोसायटी असली तर सरकार तिले तोड देते म्हनतात. आमाले तशी सोसायटी काढून द्या. आमीच पाहून पाहून तोडू, बियाची झाडं ठेवू, पुन्हा राखू."

"पण मी तर तुमच्याविरुद्ध लढलो!"

"म्हनूनच आलो," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमीच आमाले हरोलं. मंग चांगला वकील कोन, हे आमाले दुसऱ्याले इचारा लागते काय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हरिहरपंतांना बरं वाटलं असतं. केशवरावांचं काम त्यांनी केव्हाच सोडलं होतं, नाही म्हणायला सबब उरली नव्हती. ते हो म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "डोमाजी नाही आले?"

"तो येत नाई," पार्वताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सोसायटी स्थापन करायची म्हणून हरिहरपंत धामणखेडला गेले. उत्तमरावनं त्यांना आधी मोरदऱ्यात नेलं. खालच्या अर्ध्या भागात सावली होती, गुडघाभर गवत होतं, नाल्याला पाणी होतं. वर मात्र नुसते खुंट. एका पावसाळ्यात उताराची माती धुपून गेली होती आणि नाल्याकाठच्या दोन-चार वावरांत गोटे पसरले होते.

"हे वावर कोनाचं, म्हाईत हाय?" उत्तमरावनं विचारलं. हरिहरपंतांनी मान हलवली नाही. उत्तर त्यांनी ओळखलं होतं, डोमाजीचं.

सभा लिंबाखाली भरली. बाया एका अंगाला, माणसं एका अंगाला. अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघताच चहूकडून एकच नाव आलं. राखणीची पाळी लावणारा डोमाजी. त्यानंच बंदीच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या बकऱ्या विकल्या होत्या.

डोमाजी मागे, खोडाला टेकून बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "मले नोको. सोसायटीचा कागद सरकारात जाईन. माह्यं नाव कोर्टात चोर म्हनून लागलं हाय. माह्यापायी उद्या समद्यायचा कागद परत येईन."

कोणी हरिहरपंतांकडे पाहिलं नाही, आणि तेच त्यांना सोसेना. ते उभे राहिले.

"तसा काही निकाल नाही," ते म्हणाले. "डोमाजींना कोर्टानं चोर ठरवलेलं नाही. फक्त... त्या वेळी साक्षीचा थोडा विपर्यास झाला."

"म्हंजे काय झालं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"म्हणजे बोलण्याचा उलटा अर्थ काढला गेला."

"कोनं काढला?"

"मी," हरिहरपंत म्हणाले. "मी काढला. हे चोर नाहीत हे मला माहीत होतं. लोक हसावेत म्हणून मी तसं विचारलं. डोमाजी, मला माफ करा."

लिंबाखाली कुजबुज झाली. डोमाजीनं डोक्यावरचा फेटा नीट केला. तो रागावला नव्हता. दुसऱ्याच कोणाची हकिकत ऐकावी तसा तो ऐकत होता.

"तुमी सांगतलं, बरं केलं," तो म्हणाला. "पन तिथं लोकं हासले ते हासले. माह्या पोराच्या सासऱ्याच्या कानावर गेलं. आता मले कचेरीची पायरी चढनं होत नाई. अध्यक्षाले चढा लागन. पार्वताबाईले करा. तिले कोनी हासत नाई."

बायांच्या अंगानं हसू उठलं आणि पार्वताबाई अध्यक्ष झाल्या.

सोसायटी झाली. हरिहरपंतांनी खेटे घातले, अर्ज लिहिले, नागपूरलाही दोनदा जाऊन आले. खालच्या मोरदऱ्याची तोड धामणखेडलाच मिळाली. गावानं ती सावकाश, वर्षावर्षाला थोडी अशी केली. मोहाला आणि चारोळीला हात लावला नाही, बियाचे साग ठेवले. अमरावतीत लोक हरिहरपंतांना शाबासकी देत. ती ऐकताना ते विषय बदलत.

सोसायटीच्या वार्षिक सभेला ते दरवर्षी जात. एका वर्षी सभा लवकर आटोपली, तसे ते एकटेच वरच्या उताराला गेले. खुंटांना धुमारे फुटले होते. डोमाजी त्यांच्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण रचत होता.

"राम राम, वकीलसाहेब."

"राम राम. मी धरू का ते टोक?"

"राहू द्या. काटे लागतीन."

हे आपुलकीनं म्हटलं की दूर ठेवायला, हरिहरपंतांना कळेना, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी कोट काढून एका खुंटावर ठेवला, वाकून काट्यांची फांदी उचलली आणि डोमाजीच्या पुढे सरकवली. डोमाजीनं त्यांच्या हाताकडे एकदा पाहिलं, फांदी घेतली आणि जागेवर बसवली.