रंगनाथच्या हातातली झेंडी

पंडित बी.एस्सी. झाला तेव्हा सगुणाबाईनं पूर्णेच्या अख्ख्या गल्लीत साखर वाटली. पोरगा गार्ड होणार, गाडीच्या शेवटच्या डब्यात पांढऱ्या कपड्यात उभा राहणार, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. रेल्वेला विचारायचं तेवढं राहिलं होतं. लेखी परीक्षेत तो पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन घरी आला.

"काय धाड भरली तुझ्या डोळ्याला? मुंगी दिसती की तुला," ती कावली.

"माय, मला लाल आन् हिरवं येगळं दिसत न्हाई."

डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं होतं. ठिपक्यांत आकडे दडलेले. बाकीच्या पोरांनी ते धडाधड वाचले, याला बरेचसे दिसलेच नाहीत. आणि गंमत बघा, कॉलेजात याच विषयात तो पहिला आला होता. उजेड म्हणजे लाटा. लाल रंगाची लाट लांब, सात हजार अँगस्ट्रॉम. हिरव्याची आखूड, सव्वापाच हजार. जांभळ्याची त्याहून आखूड. झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

"मंग त्या लाटा तुझ्या डोळ्यात जात न्हाईत का?"

"जातेत. पर लांब कोनती आन् आखूड कोनती, ते डोळ्याला कळंना. दोन्ही मातीवानी दिसतेत." पंडितनं तपासणीचा कागद तिच्यापुढं केला. "डॉक्टर म्हनले, हे पोराला मायकडून येतं. मामाला असं हाय का, इचारत व्हते."



रंगनाथचं, सगुणाबाईच्या पाठच्या भावाचं नाव त्या घरात तेरा वर्षं कुणी काढलं नव्हतं. एका लहान स्टेशनात तो रोजंदारीवर माती टाकायचा. एका दुपारी झेंडीवाला जेवायला गेला, आणि जाताना दोन्ही झेंड्या याच्या हातात कोंबून गेला. डबे मागं सरकत होते, मधे किशनराव नावाचा कामगार साखळी जोडत होता. थांबवायला रंगनाथनं झेंडी हलवली ती हिरवी. किशनराव जागच्या जागी गेला. "म्या लालच दाखिवली," रंगनाथ ऊर बडवून सांगत राहिला. लोक म्हणाले, पेलेला होता. सगुणाबाईही तेच म्हणाली. तो तिच्या दारात आला तेव्हा तिनं आतून कडी लावली. चार वर्षांपूर्वी तो दारूनं मेला, तेव्हाही ती मातीला गेली नाही. बघा, मी म्हणत होते तेच खरं, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

आता तिला मिरचीचं रान आठवलं. लाल मिरच्या तोडायला सांगितलं की रंगनाथ हिरव्याही पाटीत टाकायचा. मुद्दाम करतो म्हणून तिनं त्याला किती धपाटे घातले होते!

दुसऱ्या दिवशी मायलेक एस.टी.नं मानवतला गेले. रंगनाथची बायको सुलाबाई जिनिंगमधून नुकतीच परतली होती. केसांत कापूस तसाच. पंडितनं तिला सगळं समजावून सांगितलं. लाटांचं तिला किती कळलं कोण जाणे.

"म्हंजी ते खोटं बोलत नव्हते?"

"न्हाई मामी. त्यांना दोन्ही झेंड्या सारख्याच दिसल्या असतील. लालच समजून हलिवली त्यांनी."

सगुणाबाईनं भावजयीचे पाय धरले. "चुकलं माझं, सुले. पेलेला व्हता म्हनले मी."

सुलाबाईनं पाय मागं घेतले नाहीत, की तिला उठवलंही नाही. ती भिंतीकडं बघत बोलली, आवाजही चढवला नाही तिनं.

"वन्सं, त्या दिसापतोर त्यांनी थेंब घेतला नव्हता. तुमच्या दारातून परत आले आन् पयल्यांदा पेले. म्या लय आडवलं. तर म्हनले, आक्का कदी खोटं बोलत न्हाई. ती म्हनती, तर मी पेलोच असन."